वक्त्याचें ऋण आणि श्रोत्याचें कर्तव्य

सदाचार, त्याग, सेवा, नागरिकांचें कर्तव्य हे शब्द पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकूं आले नाहींत असा महिना क्वचितच जातो. निवडणूक असो, पुतळ्याचें अनावरण असो, नव्या पुलाचें उद्घाटन असो, नीतीचा उच्चार झाल्यावांचून समारंभ पुरा झाला असें कोणासच वाटत नाहीं. घरीं बसून तीं भाषणें ऐकणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत त्यांवर बहुधा दोनच अभिप्राय पडतात. कोणी म्हणतात, हें सारें थोतांड आहे; राजकारणांत नीति शोधणें म्हणजे वाळूंतून तेल काढणें होय. कोणी म्हणतात, काय सुरेख बोलले! पहिला अभिप्राय देणारा स्वतःस चतुर समजतो व दुसरा देणारा स्वतःस सज्जन समजतो; परंतु परिणामाच्या दृष्टीनें पाहतां दोघांत अंतर नाहीं. दोघेही भाषण संपतांच आपापल्या कामास लागतात, आणि जें ऐकलें त्याचा आपल्याशीं कांहीं संबंध होता काय, हा प्रश्न दोघांपैकीं एकाच्याही मनास शिवत नाहीं.

पुढाऱ्याच्या मुखांतील नीतीचे शब्द खरे कोणते व पोकळ कोणते, हें ओळखण्याची कसोटी सामान्य गृहस्थाजवळ आहे काय? आमच्या मतें ती आहे, आणि ती फारशी अवघडही नाहीं. मात्र नुसत्या तर्कानें ती सांगण्यापेक्षां एखाद्या थोर पुरुषाच्या वाणीवर घांसून दाखविल्यास वाचकांस अधिक पटेल. यासाठीं आम्हीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची निवड केली आहे. त्यांचें नांव आपल्या घरांतून आदरानें घेतलें जातें. रस्त्यांना व संस्थांना तें दिलेलें आहे. परंतु त्यांचीं भाषणें उघडून वाचणारा मनुष्य आज विरळा. ज्याची स्मृति आपण जपतों त्याचें म्हणणें आपण ऐकतोंच असें नाहीं, याचें हें एक ठळक उदाहरण होय.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. घरची स्थिति बेताची. वडील लवकर वारले. थोरल्या बंधूंनीं नोकरी धरून धाकट्याचें शिक्षण केलें. १८८४ सालीं पदवी मिळाल्यावर ते पुण्यास आले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि १९०२ पर्यंत त्यांनीं अल्प वेतनावर अध्यापन केलें. त्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातीं दीर्घकाळ होतें. ही गोष्ट आम्ही सहज सांगत नाहीं. गणिताच्या शिक्षकास उत्तराबरोबर रीतही दाखवावी लागते, आणि उत्तर चुकलें तर फळ्यावर सर्वांच्या देखत तें पुसावें लागतें. गोखल्यांच्या सार्वजनिक वाणीचें सारें रहस्य या शिक्षकी संवयींत आहे, असें आम्हांस वाटतें.

त्यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हां सार्वजनिक जीवन आध्यात्मिक झालें पाहिजे असा विचार त्याच्या उद्देशपत्रिकेंत मांडला. हा शब्द ऐकून आज कित्येकांस भजन, प्रवचन अथवा धर्मकारण यांची आठवण होईल. गोखल्यांचा अभिप्राय तसा नव्हता. समाजाच्या सभासदास ज्या सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत त्या पाहिल्या म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. देशाचा विचार सर्वांआधीं करावा. देशसेवेंत स्वतःचा लाभ पाहूं नये. जातिधर्माचा भेद न मानतां सर्व हिंदी जनांस बंधु समजावें. समाजाकडून निर्वाहास जें मिळेल त्यांत संतुष्ट राहून अधिक द्रव्य मिळविण्यांत शक्ति खर्चूं नये. खाजगी आचरण शुद्ध ठेवावें. कोणाशींही वैयक्तिक भांडण करूं नये. समाजाच्या ध्येयांवर दृष्टि ठेवून त्याच्या हितास जपावें. या यादींत इतरांनीं कसें वागावें याविषयीं एक अक्षर नाहीं. प्रत्येक कलम घेणाऱ्यास बांधतें. नीतीची भाषा गोखले जेव्हां वापरीत तेव्हां तिचें टोंक प्रथम स्वतःकडे असे, हें ध्यानांत ठेवून आतां त्यांच्या चार प्रसंगांकडे वळूं.

पहिला प्रसंग १८९७ सालचा. वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं गोखले विलायतेस गेले होते. हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयीं त्यांनीं दिलेल्या साक्षीनें या तीस-एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाचें नांव झालें. इकडे पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें. रोग्यांच्या शोधासाठीं गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते, आणि त्यांच्या वर्तनामुळें लोकांत तीव्र संताप पसरला होता. २२ जून रोजीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुण्याहून आलेल्या कांहीं पत्रांत सोजिरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचे फार गंभीर आरोप होते. पत्रलेखकांवर विश्वास ठेवून गोखल्यांनीं ते आरोप पार्लमेंटाच्या कांहीं सभासदांपुढें व वृत्तपत्रापुढें मांडले. मुंबई सरकारनें ते साफ नाकारले. परत आल्यावर गोखल्यांनीं पुरावा गोळा करण्याचा यत्न केला. परंतु ज्यांनीं लिहिलें होतें त्यांपैकीं कोणीही उघडपणें पुढें येऊन आरोप सिद्ध करावयास तयार होईना. तेव्हां ऑगस्टच्या आरंभीं गोखल्यांनीं आपलें विधान मागें घेऊन जाहीर क्षमा मागितली. ज्यांच्या पत्रांवर त्यांनीं भिस्त ठेवली होती त्यांचीं नांवें मात्र त्यांनीं सरकारास सांगितलीं नाहींत.

या माफीनें त्यांच्यावर जो गहजब झाला त्याची कल्पना आज येणें कठीण. लोकमान्य टिळक नुकतेच राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले गेले होते. लोकांचीं मनें आधींच भडकलेलीं होतीं. अशा वेळीं सरकारपुढें नमणें म्हणजे भित्रेपणा, असें पुष्कळांनीं म्हटलें. माफीची भाषा गरजेपेक्षां अधिक व्यापक होती, असाही आक्षेप आला, आणि तो अगदींच निराधार होता असें आम्हीही म्हणणार नाहीं. पुण्याच्या घरांतून लोकांनीं जें सोसलें तें खोटें नव्हतें. खरें ठरवितां आले नाहींत ते विशिष्ट आरोप. परंतु मुद्दा असा कीं, जें आपण सिद्ध करूं शकत नाहीं तें आपल्या पक्षाच्या सोयीचें आहे म्हणून बोलत राहणें गोखल्यांस शक्य झालें नाहीं. त्यांनीं मौन धरलें असतें तर लोक कालांतरानें विसरले असते. त्यांनीं शब्द मागें घेतला आणि त्याची किंमत कित्येक वर्षें मोजली. प्रतिपक्षाविषयींही असत्य बोलूं नये हें तत्त्व व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ असतात. त्यासाठीं आपल्याच लोकांच्या शिव्या खाणारा क्वचित् आढळतो.

दुसरा प्रसंग १९०२ सालचा. वरिष्ठ कायदेकौन्सिलांत २६ मार्च रोजीं गोखल्यांनीं अंदाजपत्रकावर आपलें पहिलें मोठें भाषण केलें. सरकारच्या तिजोरींत त्या वर्षीं मोठी शिल्लक होती व सभासदांनीं तिजबद्दल अभिनंदन करावें अशी रीत होती. आपल्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून त्या अभिनंदनांत आपण भाग घेऊं शकत नाहीं, असें गोखल्यांनीं सांगितलें, आणि नंतर शिल्लक कोठून आली याची फोड केली. रुपयाचा भाव उतरला होता तेव्हां विलायतेस पैसे पाठविण्यासाठीं सरकारास अधिक रुपये लागत, म्हणून कर वाढविण्यांत आले होते. पुढें रुपयाचा भाव चढला, सरकारची ती अडचण सरली, पण वाढविलेले कर तसेच राहिले. तात्पर्य, शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षां अधिक घेतल्याची खूण होती. आणि तीही १८९६-९७ व १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून नुकत्याच उठलेल्या रयतेकडून.

या भाषणांत रागाचा एक शब्द नाहीं. सरकारचे आंकडे सरकारपुढें ठेवून त्यांतून काढलेला निष्कर्ष आहे. पुढच्याच वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्यें तो दीड रुपया व १९०७ मध्यें एक रुपया झाला. १९०३ मध्येंच प्राप्तीवरील कराची माफी वार्षिक ५०० रुपयांवरून १,००० रुपयांपर्यंत वाढली, व अनेक गरीब कारकुनांस सुटका मिळाली. हें सर्व एकट्या गोखल्यांनीं घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. काँग्रेस अनेक वर्षें तीच मागणी करीत होती. तथापि गरिबांच्या मिठाविषयीं कळवळ्याचीं वाक्यें बोलणें आणि मिठाच्या कराचा हिशेब मांडणें यांत अंतर आहे, व दुसरें कामच कठीण आहे. अभ्यास न करतां केलेला कळवळा हाही एक प्रकारचा आळसच होय. लोकांच्या वतीनें बोलूं पाहणाऱ्यानें आधीं लोकांसाठीं रात्री जागून वाचलें पाहिजे, हें गोखल्यांच्या मतें पुढाऱ्याचें पहिलें ऋण होतें.

येथवर वक्त्यानें काय सोसावें व काय करावें हें पाहिलें. आतां श्रोत्यांकडे येऊं. कारण तिसरा प्रसंग श्रोत्यांच्या, म्हणजे बहुतांशीं आपल्यासारख्यांच्याच, वर्मावर बोट ठेवणारा आहे. १९०३ च्या एप्रिलांत धारवाड येथें सामाजिक परिषद भरली होती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या उद्धाराचा ठराव गोखल्यांनीं २७ एप्रिल रोजीं मांडला. समोर बसलेला समाज सुशिक्षित व बव्हंशीं वरिष्ठ जातींचा. अशा सभेंत परकीय सत्तेच्या अन्यायावर बोलून टाळ्या मिळविणें फार सोपें होतें. गोखल्यांनीं तसें केलें नाहीं. आपण मांजरास शिवतों, कुत्र्यास शिवतों, पण या माणसांच्या स्पर्शानें आपणांस विटाळ होतो, असें त्यांनीं श्रोत्यांस त्यांच्या तोंडावर सांगितलें. हाच मनुष्य उद्यां धर्म बदलून कोट-पाटलोण घालून आला तर आपण त्याच्याशीं हस्तांदोलन करतों, याकडेही त्यांनीं लक्ष वेधलें. मग येथें धर्म कोठें राहिला व न्याय कोठें राहिला?

त्याच भाषणांत त्यांनीं आपले गुरु न्यायमूर्ति रानडे यांची एक आठवण सांगितली. दक्षिण आफ्रिकेंत हिंदी लोकांचा जो अपमान होत होता त्याची हकीकत मुंबईंतील एका सभेंत निघाली असतां सर्वांचीं मनें क्षुब्ध झालीं. तेव्हां रानड्यांनीं विचारलें कीं, आपली ही सहानुभूति केवळ परदेशीं गेलेल्या बांधवांपुरतीच आहे, कीं जेथें जेथें अन्याय आहे तेथें तेथें ती पोंचते? घरांत आपण आपल्याच माणसांस जी वागणूक देतों ती पाहतां परक्यांस दोष देण्याचा अधिकार आपणांस आहे काय? गोखल्यांवर या प्रश्नाचा ठसा कायमचा उमटला होता. म्हणूनच पुढें १९१२ मध्यें ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले व तेथील हिंदी जनांची बाजू त्यांनीं मांडली, तेव्हां त्यांच्या शब्दांस एक निराळेंच वजन होतें. बाहेरचा अन्याय दाखविणाऱ्या या मनुष्यानें आंतला अन्याय आधींच दाखविला होता.

धारवाडचें भाषण वाचतांना आम्हांस नेहमीं एक विचार येतो. जनतेची स्तुति करणारा पुढारी जनतेवर प्रेम करतो असें आपण गृहीत धरतों. आपला इतिहास थोर, आपली संस्कृति थोर, आपला समाज सोशीक व सज्जन, आणि जें वाईट आहे तें सारें दुसऱ्यांनीं केलेलें, असें ऐकलें कीं आपणांस बरें वाटतें. परंतु मुलाची खोटी स्तुति करणारा शिक्षक व रोग्यास रोग नाहीं असें सांगणारा वैद्य यांस आपण हितकर्ते म्हणत नाहीं. मग पुढाऱ्यांस निराळी फूटपट्टी कां? ज्या भाषणानंतर आपण घरीं परतलों तेव्हां आपलें कांहींच चुकलेलें नाहीं असें वाटलें, तें भाषण नीतीचें नव्हतें; नीतीचे शब्द वापरून केलेली ती आपली खुशामत होती.

चौथा प्रसंग शिक्षणाच्या बिलाचा. गोखल्यांनीं १६ मार्च १९११ रोजीं प्राथमिक शिक्षणाचें बिल कौन्सिलांत आणलें. त्या वर्षींच्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा ६ च्या आसपास होतें. बिलाची मागणी आजच्या दृष्टीनें किती माफक! ज्या नगरपालिकेची वा जिल्हा मंडळाची इच्छा असेल तिनें, आणि तीही सरकारची संमति घेऊन, ६ ते १० वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची करावी. मुलींस ती पुढें यथाकाल लागू करावी. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ति असलेल्या पालकांकडून फी घेऊं नये. खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेनें व दोन भाग सरकारनें सोसावे. स्थानिक संस्थेस त्यासाठीं शिक्षणाचा कर बसवितां यावा. या शेवटच्या कलमाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. मुलें शिकलीं पाहिजेत हें वाक्य कोणासही मान्य असतें. तीं कोणाच्या पैशानें शिकतील, हें सांगतांच सभेंत शांतता पसरते. गोखल्यांनीं पैशाची बाजू झांकून ठेवली नाहीं. ज्यांच्यापाशीं आहे त्यांनीं, ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांच्या मुलांसाठीं, थोडें अधिक द्यावें, ही त्यांची मागणी होती, व ती त्यांनीं कलमांच्या रूपानें छापून पुढें ठेवली.

सरकारी सभासद विरुद्ध होतेच. कांहीं हिंदी सभासदांनीं व जमीनदारांनींही विरोध केला. १९ मार्च १९१२ रोजीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं बिल नापास झालें. तें नापास होणार हें गोखल्यांस आधींच दिसत होतें. त्यांनीं त्रागा केला नाहीं, कोणाच्या हेतूवर शिंतोडे उडविले नाहींत. आपल्या पिढीच्या वांट्यास अपयशानेंच देशाची सेवा करणें आलेलें आहे; यशानें सेवा करण्याचें भाग्य ज्या स्त्री-पुरुषांस लाभेल तीं मागाहून येतील, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. पराभवाच्या दिवशीं असें बोलणाऱ्या मनुष्याच्या आशेवर विश्वास ठेवावासा वाटतो. कारण ती आशा स्वतःच्या लाभाची नसते.

येथें सत्यास स्मरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी गोखल्यांनीं प्रथम केली असें नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें स्पष्ट म्हटलें होतें, आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होणारा खर्च ज्यांच्या करांतून निघतो त्यांच्या मुलांना मात्र शाळा नाहीं, याकडे बोट दाखविलें होतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ पासून अमरेली भागांत व १९०६ पासून सर्व राज्यांत सक्ति अमलांत आणली. करवीरास शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें तेंच केलें. फुल्यांचें म्हणणें आपल्या सुशिक्षित वर्गानें वेळीं ऐकलें असतें तर गोखल्यांचें बिल तीस वर्षांनीं उशिरा आलें नसतें. वक्त्याचें ऋण त्यांनीं फेडलें होतें. चुकलें तें श्रोत्याचें कर्तव्य. आपल्या बरोबरीच्या माणसानें सांगितलेली नीति आपणांस पटते, आणि तीच गोष्ट ज्याच्यावर अन्याय झाला त्यानें सांगितली तर ती आपणांस कटु वाटते, हा दोष आजही गेलेला नाहीं.

गोखल्यांच्या मार्गावर आक्षेप घेणारे विचारतील, अशा संयमी वाणीनें मिळालें काय? तीं भाषणें इंग्रजींत होतीं, कौन्सिलाच्या चार भिंतींत होतीं. शेतकऱ्याच्या व गिरणीकामगाराच्या कानावर तीं गेलींच नाहींत. जनतेस जागें केलें तें टिळकांच्या मराठीनें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. लोकांच्या भाषेंत लोकांशीं बोलणें हें पुढाऱ्याचें कर्तव्यच आहे, आणि त्या बाबतींत गोखले उणे पडले. परंतु टिळक व गोखले यांचा वाद सांगतांना दोघांत जें समान होतें तें आपण विसरतों. टिळकांचा शब्दही स्वस्त नव्हता. १९०८ मध्यें त्यांस आपल्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली व ती त्यांनीं मंडालेस भोगली. एकानें शब्दासाठीं तुरुंग सोसला, दुसऱ्यानें शब्दासाठीं स्वजनांचा तिरस्कार सोसला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले वारले, तेव्हां आयुष्यभर ज्यांचे प्रतिस्पर्धी म्हणून वावरले ते टिळक सिंहगडावरून खालीं आले व स्मशानांत त्यांनीं गोखल्यांस हिंदुस्थानचा हिरा म्हणून गौरविलें. मतभेद राहिले, आदर राहिला. कारण समोरचा मनुष्य आपल्या बोलण्याचें मोल देतो हें दोघेही जाणत होते.

आतां कसोटीचें सांगतों. पुढाऱ्याचें भाषण ऐकल्यावर त्यांत सदाचार हा शब्द किती वेळां आला हें मोजूं नये. त्यानें स्वतःवर काय बंधन घेतलें, जें सांगितलें त्याचा पुरावा कोठें दिला, आणि समोरच्या श्रोत्यांकडून, म्हणजे आपल्याकडून, कोणती निश्चित गोष्ट मागितली, एवढें पाहावें. तिन्हींचें उत्तर कांहींच नाहीं असें आलें तर भाषण विसरून जाण्यास हरकत नाहीं. परंतु तिसऱ्याचें उत्तर मिळालें तर प्रश्न पुढाऱ्याचा उरत नाहीं, तो आपला होतो.

आणि येथेंच खरी अडचण आहे. गोखल्यांचें बिल ज्या विचारासाठीं होतें तो विचार भारताच्या राज्यघटनेंत आला; १९५० पासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा यत्न राज्यानें करावा असें तींत म्हटलें होतें. तो मूलभूत हक्क होण्यास २००२ साल उजाडलें. कायदा २००९ मध्यें झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. बिल नापास झाल्यावर अठ्ठ्याण्णव वर्षांनीं! त्या कायद्यांत असें कलम आहे कीं, कांहीं अपवाद वगळतां खाजगी विनाअनुदानित शाळांनींही प्रवेशाच्या वर्गांतील शेंकडा २५ जागा दुर्बल व वंचित कुटुंबांतील मुलांस द्याव्या. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें तें वैध ठरविलें. या कलमाविषयीं आपल्या घरांतून, पालकांच्या बैठकींतून व जिन्यावरच्या गप्पांतून काय बोललें जातें तें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. शाळेचा दर्जा उतरेल, मुलांवर भलते संस्कार होतील, फीचा बोजा आमच्यावर पडेल, अशीं कारणें सभ्य शब्दांत सांगितलीं जातात. फीची शंका विचारार्ह आहे. सरकारकडून शाळांस भरपाई वेळेवर मिळावी हें म्हणणेंही रास्त आहे. पण भलत्या संस्कारांची भीति जेथें बोलली जाते तेथें धारवाडच्या सभेंतील तोच प्रश्न पुन्हां उभा राहतो. आपल्या मुलाच्या शेजारीं बांकावर कोण बसावें, याविषयींची आपली इच्छा व विटाळाची जुनी कल्पना यांत नेमकें अंतर किती? गोखले आज असते तर त्यांनीं मंत्र्यांस आंकडे विचारले असतेच. पण तत्पूर्वीं आपणांकडे वळून हा प्रश्न केला असता, असें आम्हांस वाटतें.

आपल्या वर्गास शिक्षण पिढ्यान् पिढ्या मिळालें. तें आपल्या बुद्धीनें मिळालें असें आपण समजतों; बुद्धि होती हें खरें, पण दारही उघडें होतें, आणि इतरांस तें बंद होतें. ज्यास दार उघडें मिळालें त्यानें तें दुसऱ्यासाठीं धरून ठेवावें, यांत उपकार नाहीं. तें ऋण फेडणें आहे. नागरिकाचें कर्तव्य हा मोठा शब्द घरगुती व्यवहारांत उतरवावयाचा तर त्याचा अर्थ एवढाच होतो. मुलाच्या वर्गांत या कलमानें आलेला सोबती असेल तर त्यास वाढदिवसास घरीं बोलवावें. त्याच्या आईस पालकसभेंत आपल्या शेजारची खुर्ची द्यावी. तो कोणत्या जागेवर आला याची चर्चा मुलांच्या देखत करूं नये. घरीं काम करणाऱ्या बाईंचीं मुलें शाळेंत जातात कीं नाहीं, अर्ज भरण्याची मुदत त्यांस कळली कीं नाहीं, दाखले जुळविण्यास मदत हवी आहे काय, याची चौकशी करावी. यासाठीं प्रतिज्ञा नको, व्यासपीठ नको, हार-तुरेही नकोत.

पुढाऱ्यांनीं नीतीनें बोलावें अशी अपेक्षा करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे, व तो आपण सोडतां कामा नये. परंतु वक्ते बहुधा श्रोत्यांच्या आवडीप्रमाणें घडतात. जेथें खुशामतीस टाळ्या पडतात तेथें खुशामत करणारे वाढतात. जेथें कोणी पुरावा विचारीत नाहीं तेथें पुरावा देण्याची तसदी कोणी घेत नाहीं. आणि ज्या घरांत आपली चूक दाखविणाऱ्याचा राग येत नाहीं, त्या घरांतूनच पुढें केव्हां तरी असा एखादा मनुष्य बाहेर पडतो, ज्यास भर सभेंत अप्रिय सत्य बोलण्याचें धैर्य असतें. कोतळूकच्या एका बेताच्या घरांतून असा एक मनुष्य निघाला होता. त्याचीं भाषणें पुस्तकालयांत आहेत. येत्या सुट्टींत धारवाडचें तें भाषण घरांतील मोठ्या मुलांसह एकदां वाचावें, आणि वाचून झाल्यावर त्यांनीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें टाळूं नयेत, एवढी आमच्या वाचकांस विनंति आहे.